काशाची वाटी आणि सोमवारची कडी

अहो,

तुमच्या चपला दिल्या. छत्री दिली, दांडा सैल झालेली नव्हे, ती चांगली, आपल्या लेकाने, महेशने, आणलेली. काठी दिली, तांब्या-भांडं दिलं, धोतरजोडीही दिली. तुम्ही जन्मात धोतर नेसला नाहीत, लग्नातसुद्धा सोवळं घसरेल म्हणून आतून पँटचा पट्टा बांधला होतात. पण गुरुजी म्हणाले, तेराव्याला द्यायचीच असते. म्हटलं, द्या. तिकडे कोणीतरी नेसायला शिकवील.

काशाची वाटी मात्र दिली नाही. तिच्यापायी त्या दिवशी भरल्या घरात काय झालं ते तुम्हाला सांगायचंय. अशी गोष्ट मी घरी येऊन पहिल्यांदा तुम्हालाच सांगितली असती, आणि तुम्ही तर भिंतीवर जाऊन बसलात. आपल्या जुन्या चाळीचा दर वर्षी अंक निघतो ना, त्या मुलांनी माझ्याकडे एक पान मागितलंय. तेराव्याला ते नव्हते, म्हणाले, काकी, तुम्ही काकांची जी सेवा केलीत त्यावर लिहा. सेवा हा शब्द ऐकला आणि पदर तोंडावर ओढून घ्यावासा वाटला. म्हणून बसले लिहायला. माझे र्‍हस्व-दीर्घ तुम्ही बघायचात. आता जसं येईल तसं.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर वाचणाऱ्यांना काही कळायचं नाही. तुम्ही भुलेश्वरच्या बाजूला भांड्यांच्या दुकानात होतात, उभा जन्म एकाच काउंटरमागे. संध्याकाळी परळला घरी यायचात तेव्हा बोटांना पितळेचा वास असायचा, साबणानेसुद्धा न जाणारा. दुकानात कोणी काशाची वाटी मागितली की तुम्हाला चेव चढायचा. त्यातून एखादी बाई म्हणाली की पितळेचीच द्या, दिसायला तशीच तर आहे, मग तर झालंच. दोन वाट्या काढायच्या, एकेक तीन बोटांवर तोलून धरायची आणि नखाने टिचकी मारायची. "ऐका," म्हणायचात. पितळ एकदा बोलतं आणि गप्प बसतं. कासं बोलत राहतं. बाई निघायला लागली तरी वाटीचा आवाज तिच्या मागे जायचा.

आणि मग शब्दाची कुळकथा. संस्कृतातलं कांस्य. पिढ्यानपिढ्या लोकांच्या तोंडात झिजत झिजत त्याचं नाक गेलं, शेपूट गेलं, आणि उरलं ते आपलं कासं. तांब्यात जस्त घातलं तर पितळ, कथील घातलं तर कासं. तांबं मऊ, कथील त्याहून मऊ, पण दोघं एकत्र वितळली की असं कडक होतं की हातोडी उडून यावी. संसार असाच असतो, असं वर तुम्ही म्हणायचात, आणि गिऱ्हाईक हसायचं. मी एकदा दुकानात आले होते तेव्हा मागून म्हटलं होतं, "आणि हातातून पडलं की तडकतं, डाग देऊन सांधताही येत नाही, तेही सांगा की." त्या दिवशी तुम्ही मला परत येताना उसाचा रस पाजलात. हरल्यावर तुम्ही नेहमी काहीतरी पाजायचात.

पण आपला खरा वाद वेगळाच होता. तो सुटला नाही आणि आता सुटायचाही नाही. माझ्या माहेरी त्या वाटीला काशीची वाटी म्हणत. माझ्या वडिलांची आत्या काशीला जाऊन आली, तिने येताना आणली, ती आईकडून माझ्याकडे आली. ती देव्हाऱ्याच्या फळीवर असायची. आजोबांचे तळपाय जळजळले की आई ती काढायची, खोबरेल लावून घासायची, काम झालं की धुऊन, पुसून, नमस्कार करून परत फळीवर. आजोबांचे पाय, वडिलांचे पाय, मोठ्या काकांचे पाय. आईच्या तळपायांना उन्हाळाभर भेगा असायच्या, पण वाटी तिच्या पायाला लागलेली मी पाहिली नाही. तीर्थाची वस्तू, ती बाईच्या पायाला कशी लावायची?

तुम्ही म्हणायचात, काशीचा संबंधच नाही, काशाची म्हणजे कासं या धातूची. तुझ्या वडिलांची आत्या काशीला गेली, तिथे गर्दीत प्रसाद आणायला विसरली, आणि घरी येताना आमच्याच गल्लीतून वाटी घेऊन गेली. ही घडण मी ओळखतो. त्या मेलेल्या म्हातारीवर असा आळ. मी तुमच्याशी पुढचा आख्खा दिवस मानेनेच बोलत होते.

तेव्हा मला वाटायचं, हा माणूस जिंकायला म्हणून भांडतोय. तुम्ही कशासाठी भांडत होतात ते कळायला वेळ गेला.

मी तेव्हा पोळ्या करायचे. आपल्या खोलीतच, ओट्याशी उभी राहून, आधी गिरणीतल्या एकट्या राहणाऱ्या माणसांसाठी, मग गिरण्या गेल्यावर हापिसात डबे नेणाऱ्यांसाठी. सकाळभर उभं राहायचं आणि दुपारी आडवं झालं की तळपायांत निखारे. ओली फडकी गुंडाळून बघितली, मेंदी थापून बघितली. तुम्हाला सोमवारची सुट्टी. अशाच एका सोमवारी मी पाय भिंतीवर टाकून पडले होते, आणि तुम्ही फळीवरची वाटी काढलीत. तेलाची बाटली घेतलीत. जमिनीवर मांडी घातलीत आणि माझा पाय ओढून मांडीवर घेतलात.

मी ताडकन उठून बसले. आठवतं? म्हटलं, डोकं फिरलंय का? नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावायचा, त्यातून काशीची वाटी. कुठल्या नरकात जाऊ मी.

तुम्ही पाय सोडला नाहीत. म्हणालात, "काशी-बिशी काही नाही. तांबं आणि कथील. तांब्या-कथलाला पाप लागत नाही."

त्यावर मी म्हटलं, लाज तर लागते ना.

मग तुम्ही तुमचं ते दुकानी गणित काढलंत. म्हणालात, कासार म्हणजे कोण? कांस्यकार. कासं घडवणारा तो कासार. मी मध्येच म्हटलं की मग तो बांगड्या का विकतो? तुम्ही म्हणालात, भांडी घेऊन दारोदार जायचा, बायकांना बांगड्याही हव्या असणार, नेल्या असतील. मी काही तेव्हा बघायला नव्हतो. पण मुद्दा ऐक. तो परका पुरुष तुझा हात धरतो, दाबतो, पंजा वळवतो, चार बायकांदेखत. तेव्हा लाजत नाहीस. उलट बांगड्या भरून झाल्या की त्यालाच नमस्कार करतेस. मग मला कासार समज आणि पाय दे.

दिला पाय. तोंड भिंतीकडे करून दिला. वाटी गार होती. तेलातून ती गोल फिरायला लागली आणि निखारे एकेक करून विझले. मी रडत होते. तुम्हाला वाटलं दुखतंय, म्हणून तुम्ही हात हलका केलात. ते पायाचं रडणं नव्हतं हो. माझ्या आईच्या पायांना ती वाटी कधी लागली नाही, त्याचं होतं. आणि थोडं लाजेचं.

तळवे काळे झाले. दुकानात तुम्ही बायकांना सांगायचात की अंगातली उष्णता वाटी ओढून घेते, ती काळी दिसते. मला म्हणालात, हे काळं वाटीचंच आहे, तेल लागलं की धातू सोडतो. मी म्हटलं, मग दुकानात खोटं का सांगता? तुम्ही म्हणालात, खोटं नाही, बरं वाटतं ते खरं, काळं कशाचं का असेना.

मग दर सोमवारी दुपारी. आणि मग दाराचा प्रश्न.

चाळ सोडून आपण आलो तसल्या टॉवरातल्यांना हे कळणार नाही. चाळीत दुपारी दार उघडं असायचं. सगळ्यांचंच. दार लावलं म्हणजे घरात एकतर कोणी आजारी किंवा भांडण किंवा तिसरं. मला दार उघडं ठेवून पाय देणं शक्य नव्हतं. म्हणून कडी लावायला लावली. आणि चाळ काय समजायचं ते समजली. महेश शाळेत, सोमवारची दुपार, आतून कडी. नळावर बायका माझ्याकडे बघून गालात हसायच्या. काय गं, सोमवार कडक करतेस वाटतं, असं विचारायच्या. मी मान खाली घालून हसायचे. अहो, आज लिहिताना वाटतं, केवढा उलटा कारभार. त्यांनी ते समजलेलं मला चाललं. तुम्ही माझे पाय धरता हे कळलेलं मला चाललं नसतं.

आणि एका सोमवारी कडी राहिली. राहिली ती तुमच्याकडून, हा आपला दुसरा न सुटलेला वाद. शेजारच्या शेवंताकाकू पोह्यांची बशी परत द्यायला आल्या, आणि दार ढकलून सरळ आत. मी काय केलं ते तुम्हाला सांगायला नको, पण वाचणाऱ्यांना सांगते. मी तुमच्या हातातून वाटी हिसकावली, तुमचा पाय ओढून माझ्या मांडीवर घेतला आणि घासायला लागले. तेलसुद्धा नाही, कोरडीच. म्हटलं, या काकू, यांचे पाय फार जळजळतात हो, दिवसभर काउंटरवर उभं राहून.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. नुसतं बघितलंत. मग मागे रेलून डोळे मिटलेत आणि बरं वाटल्यासारखा सुस्कारा सोडलात. त्या सुस्काऱ्याची मला आजतागायत लाज वाटते. माझ्या खोट्याला तुम्ही असा तक्क्या दिलात.

संध्याकाळपर्यंत चाळभर झालं. बाई असावी तर अशी. पोळ्या लाटून दमते आणि तरी नवऱ्याचे पाय चोळते. नळावरचं हसू थांबलं, मान मिळायला लागला. हळदीकुंकवाला नव्या सुनांना माझ्याकडे बोट दाखवलं जायचं. तुम्ही कितीदा म्हणालात की सांगून टाकूया, मजा येईल. मी म्हणायचे, माझ्या गळ्याची शपथ. तुम्ही म्हणायचात, "बरं बाई. पण माझं एवढं एकच काम दुकानाबाहेरचं, तेही तुझ्या नावावर." हसत म्हणायचात. हसत म्हटलेलं ऐकायचं नसतं, असं मला वाटायचं.

आपला महेशही तेच ऐकत मोठा झाला. स्वाती सून म्हणून आली तेव्हा पहिल्याच महिन्यात तिला म्हणाला, माझ्या आईने बाबांचे पाय चोळलेत, तू निदान चहा तरी हातात दे. ती पोरगी लोअर परळच्या हापिसातून तेव्हाच आली होती, चपला पायांतच होत्या. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. पुन्हा तसंच. मी उठून चहा ठेवला.

आता तेराव्याचं.

घर भरलेलं. गावची माणसं, चाळीतली माणसं, महेशच्या ऑफिसातले. जो येईल तो माझ्याजवळ बसून एकच म्हणतो, तुम्ही फार केलंत हो त्यांचं. पायाशी राहिलात. मी मान हलवते आहे. तुम्ही गेल्याचं रडू एकीकडे, आणि दुसरीकडे हे खोटं. गुरुजींनी दानाच्या वस्तू पाटावर मांडल्या, आणि म्हणाले, काशाचं पात्र असेल तर उत्तम, तेही देतात.

महेश आत गेला आणि वाटी घेऊन आला. त्याचे डोळे भरलेले. सगळ्यांना म्हणाला की ही बाबांच्या पायाची वाटी, आई हिनेच त्यांचे पाय घासायची, ही त्यांनाच पोचली पाहिजे. आणि पाटावर तुमच्या चपलांशेजारी ठेवली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. गुरुजी पळीत पाणी घेत होते.

मी वाटीकडे बघत होते. मला आधी काय आठवलं असेल, सांगा. माझे पाय. तुम्ही अंथरुणाला खिळलात त्या दिवसापासून माझे पाय परत जळताहेत. सगळे दिवस मी ते गार फरशीवर टेकवून काढले, कोणाला सांगू? सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. ती वाटी पाण्याचा एक थेंब पडला की जाणार. आणि मग वाटलं, तुम्हाला पोचली तर तुम्ही तिकडे ती घेऊन बसाल आणि कोणाचे पाय चोळाल? तुमचे पाय तर कधी जळलेच नाहीत.

"थांबा," मी म्हटलं. "ती वाटी त्यांची नाही, माझी आहे. मी त्यांचे पाय कधी चोळले नाहीत. ते माझे चोळायचे."

पळीतलं पाणी गुरुजींच्या पंच्यावर सांडलं. आई बिचारी खचली, अशा नजरेने महेश माझ्याकडे बघायला लागला. स्वाती उठून पाणी आणायला निघाली. मला वाटलं, यांना खरं वाटतच नाहीये. मी माझं खोटं इतकं घट्ट ओतलं होतं की आता खरं बोलले तर वेडी ठरत होते.

तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीतून शेवंताकाकू त्यांच्या मालवणीत बोलल्या. नव्वदी ओलांडली त्यांनी, ऐकू येत नाही असं सगळे समजतात.

"खरां सांगता ती. माका तेव्हाच कळलां हुतां."

मी वळले. म्हटलं, काकू, कसं?

"पाय तुझे काळे हुते गो. तेचे पांढरे फट्ट."

तळवे. मी पदर सावरला होता, वाटी हिसकावली होती, तेलाची बाटलीसुद्धा पायाने सारली होती. आणि माझे काळे तळवे त्यांच्यासमोर पसरून बसले होते. कासं लागलं त्याच्याच पायाला रंग येतो, हे काय त्या म्हाताऱ्या बाईला कळत नव्हतं?

मी विचारलं, मग चाळीत माझं कौतुक का करत फिरलात?

"तू लाजलंस तां बघलंय. चाळीक कायतरी सांगूकच व्हयां हुतां." मग जरा थांबल्या. "माझ्या घोवान माझो पाय कसो हा, तां पण कधी बघूक नाय. त्या दिवशी घराक जाऊन मी माझे पाय बघीत बसलंय."

कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. मला एवढी वर्षं ज्याची लाज वाटली, ते त्या बाईला आपल्या नवऱ्याकडून हवं होतं. आणि मी ते तिच्यासमोर कोरडं घासून खोटं करून दाखवलं होतं. लाज गेली नाही हो सांगून. फक्त तिची जागा बदलली. आधी लोक काय म्हणतील याची होती, आता तुम्हाला काय वाटलं असेल याची आहे. त्या सुस्काऱ्याच्या वेळी. स्वातीच्या चहाच्या वेळी. तुमचं दुकानाबाहेरचं एवढं एकच काम, आणि ते मी तुम्हाला तुमच्या नावावर मिरवू दिलं नाही.

गुरुजी भले माणूस. म्हणाले, जी वस्तू त्यांची नाही ती त्यांच्या नावाने देता येणार नाही. वाटी उचलून माझ्या ओच्यात ठेवली. जेवणं झाली, माणसं गेली.

महेश चार दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. रागाने नव्हे, मला वाटतं त्यालाही कुठेतरी ओशाळल्यासारखं झालं होतं. स्वाती मात्र फोनवर काहीतरी शोधून मला दाखवायला आली. तिच्या ऑफिसजवळच्या मॉलमध्ये कांस्यमर्दन म्हणून वाटीने पाय चोळून देतात, एसीत, मंद संगीत लावून. तुमचा तो झिजलेला शब्द, अहो, त्यांनी परत नाक-शेपूट लावून पाटीवर चढवलाय. म्हणाली, आई, जाऊया का दोघी? मी म्हटलं, मला तो बांगड्या न विकणारा कासारच बरा होता. ती हसली आणि हसता हसता रडली, तुमच्यावर जीव होता पोरीचा. मग म्हणाली, द्या पाय, मी चोळते. मी म्हटलं, तू नको. आतापर्यंत जे झालं ते पुरे झालं. महेशला सांग.

काल सोमवार होता. महेश ऑफिसला गेला नाही. दुपारी हातात वाटी घेऊन आला आणि माझ्या खाटेसमोर उभा राहिला, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा. तेल किती घ्यायचं तेही त्याला ठाऊक नाही. मी सांगितलं. त्याने वाटी तीन बोटांवर धरली आणि नखाने टिचकी मारली, कोणी शिकवलं नव्हतं, तुमचं बघून हात शिकला असेल. वाटी बोलली. आम्ही दोघं ती गप्प होईपर्यंत थांबलो.

ती काशीची की काशाची, यावर मी अजून हार मानलेली नाही, सांगून ठेवते. पण काशीची असली तरी आता बिघडत नाही.

त्याने खाली मांडी घातली. माझा पाय घ्यायला हात पुढे केला आणि अडखळला. या टॉवरात सगळ्यांचीच दारं दिवसरात्र बंद असतात, पण स्वातीही सुट्टी घेऊन घरी होती, ती भाजीला जाताना दार ओढायला विसरली होती, आमचं तेवढं सताड उघडं होतं. समोरच्या घरची माणसं लिफ्टची वाट बघत उभी होती.

"आई, दार लावून घेऊ?"

लाज वाटली हो. अजून वाटते. तरी म्हटलं, राहू दे उघडं. आणि पाय मागे घेतला नाही.